अनुभव धागा : आमदारांच्या दारात उभं राहताना

मी मुंबईतल्या एका देणगीदार न्यासात काम करते. मागच्या बैठकीत आमच्या विश्वस्तांनी शाळेच्या खोल्या आणि रुग्णवाहिकेचे अर्ज पाच मिनिटांत मंजूर केले. एका संस्थेने मात्र विधिमंडळाच्या दोन अधिवेशनांत पाठपुरावा करण्यासाठी पगार, प्रवास आणि छपाईचा खर्च मागितला होता. "यात राजकारण येईल" म्हणून तो अर्ज बाजूला ठेवला गेला. माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात मोलाचा अर्ज तोच होता. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी काढावे लागतात आणि त्यातला पैसा राजकीय पक्षाला देता येत नाही. ते बरोबरच आहे. पण आमदाराला गावातली खरी परिस्थिती सांगणं म्हणजे पक्षाला पैसा देणं नव्हे, हे मला नीट पटवून देता आलं नाही. तुम्ही हे काम केलं असेल, त्याला पैसा दिला असेल किंवा तुम्हाला तो नाकारला गेला असेल, तर लिहा. पुढच्या बैठकीत मला हा अर्ज पुन्हा मांडायचा आहे.

बीड, कार्यकर्ती

आमच्याकडे ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांची मिळून घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की मजूर नेणारा मुकादम पैसे कापतो. पाळीत खाडा नको, अंगावरून जातंय, पोट दुखतंय, म्हणून बाई खासगी दवाखान्यात गेली की गर्भपिशवी काढायचा सल्ला मिळायचा. पंचविशीतल्या बायका पिशवी काढून पुन्हा फडात मोळ्या उचलताना मी पाहिल्यात.

आम्ही वर्षभर गावोगाव फिरून साठ पानांचा अहवाल केला. तो घेऊन अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरला आमदार निवासात गेलो. सकाळचे सात वाजले होते, बाहेर कडाक्याची थंडी. पीए दारातच म्हणाले, "ताई, एवढं कोण वाचणार? एका कागदावर द्या. साहेबांच्या मतदारसंघातली चार गावं त्यात घाला आणि सरकारने नेमकं काय करायचं ते शेवटी लिहा." मी जिन्याच्या पायरीवर बसून पाठकोऱ्या कागदावर ते लिहिलं. हात गारठलेले, अक्षर वेडंवाकडं. तोच कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. अहवाल तिथेच खुर्चीवर राहिला.

पुढे २०१९ च्या पावसाळी अधिवेशनात हा विषय विधान परिषदेत आला. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली, असं आरोग्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हे माझ्या कागदामुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्यात अनेक संघटना होत्या आणि पत्रकारांचं काम फार मोठं होतं. पण आमच्या अहवालाला पैसे देणाऱ्या न्यासाने नागपूरच्या एसटी भाड्याचं बिल मात्र "प्रकल्पात बसत नाही" म्हणून परत पाठवलं होतं. ते भाडं आम्ही चौघींनी वर्गणी काढून भरलं.

मुंबई, एका आमदारांचे निवृत्त स्वीय सहायक

वरच्या ताईंना तो सल्ला देणारा मी नव्हे, पण मीही तेच सांगितलं असतं. संस्थांची पत्रं आमच्याकडे गठ्ठ्याने यायची. मुदत संपल्यावर आलेल्या तारांकित प्रश्नाचं, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचं, आम्ही काय करणार? अधिवेशनाच्या तारखा आल्या की लगेच या. विषय सभागृहात कसा मांडायचा, लक्षवेधी सूचनेने की औचित्याच्या मुद्द्याने, ते आम्हाला ठरवू द्या. आणि मोठ्या न्यासाचे अधिकारी येऊन सादरीकरण करण्यापेक्षा मतदारसंघातली एक बाई घेऊन या. साहेब तिच्याशी बोलताना फोन बाजूला ठेवायचे.

चंद्रपूर जिल्हा, आशा गटप्रवर्तक

बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई जाते. झोळीच्या काट्यावर बाळ तोलते, काखेत थर्मामीटर लावते, आईच्या दुधाचं विचारते. २०११ मध्ये ही पद्धत देशभर सुरू झाली. तिचं मूळ आमच्या शेजारच्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून ती करून पाहिली, आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावरचा निबंध छापला. त्या अभ्यासाला फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकी फाउंडेशनांचा पैसा होता. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर 'कोवळी पानगळ' अहवाल आला, तेव्हा कुठे सरकारी आकडे आणि खरे मृत्यू यांतली तफावत सगळ्यांसमोर आली.

धोरणासाठी पैसा म्हणजे मुंबईतली परिषद, असं अनेकांना वाटतं. इथे तो पैसा आधी बाळं मोजायला लागला. दहा-बारा वर्षं कुणी थांबायला तयार असेल तरच हे होतं.

सातारा, अंनिस (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) कार्यकर्ता

आमची गोष्ट वेगळी आहे. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आम्ही भाकरी बांधून धरणं धरायचो, मागे कुठलंही मोठं फाउंडेशन नव्हतं. मसुदा किती वेळा बदलला आणि किती अधिवेशनांत अडकला, त्याची मोजदाद सोडली होती. आमच्या समितीचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर प्रत्येक आमदाराला पुन्हा पहिल्यापासून समजावत, आवाज न चढवता. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. लगेच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरला कायदा झाला. त्याबद्दल मला याहून जास्त लिहवत नाही.

मेरीलँड, मूळची कोल्हापूरची

इथे अमेरिकेत मी एका खासगी फाउंडेशनमध्ये आहे. १९६९ च्या करकायद्यापासून खासगी फाउंडेशनने लॉबिंगवर खर्च केला की त्यावर जबर कर बसतो, त्यामुळे एखाद्या विधेयकाला पाठिंबा द्या असं आम्ही इथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सदस्याला सांगत नाही. पण दोन्ही बाजू मांडणारा अभ्यास प्रसिद्ध करता येतो. संसदेच्या समितीने लेखी विनंती केली तर तज्ज्ञ म्हणून मतही देता येतं. ही विनंती समितीकडूनच यावी लागते, एकट्या सदस्याचं पत्र चालत नाही. एकदा साक्षीची सगळी तयारी झाली होती आणि पत्र आलं नव्हतं. आमच्या वकीलबाईंनी दोन दिवस आम्हाला एक ओळही पाठवू दिली नाही. तेव्हा चिडचिड झाली, आता ते फार योग्य वाटतं. श्रीमंत माणसाचा पैसा करसवलत घेऊन कायदा लिहायला लागला तर सामान्य मतदाराने कुठे जायचं? लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या सार्वजनिक सेवाभावी संस्थांना मात्र ठरावीक मर्यादेत लॉबिंग करता येतं. आम्ही त्यांना सर्वसाधारण अनुदान देतो, ते कुठे वापरायचं हे त्या ठरवतात.

पुणे, न्यासांचे हिशेब पाहणारा

विदेशी पैशाबाबत सांभाळा. विदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणं बंद झालं. मोठ्या संस्थेकडून तालुक्यातल्या छोट्या संस्थेला मिळणारी रक्कम थांबली. माझ्याकडच्या दोन संस्थांनी गावातली माणसं कमी केली. म्हणून धाग्याच्या ताईंना विनंती, देशी पैसा असेल तर तो अशा कामाला द्याच. ठरावात 'राजकीय काम नाही' एवढंच लिहून थांबू नका. काय करणार ते स्पष्ट लिहा : माहिती गोळा करणं, टिपण काढणं, सर्वपक्षीय आमदारांना ते देणं. भेटींची तारीखवार नोंद ठेवा. मग तपासणीला कुणीही येऊ दे.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचलं, बीडच्या ताईंचं तर तीनदा. अर्जाच्या नमुन्यात मी आज 'अधिवेशन काळातील प्रवास व मुक्काम' अशी वेगळी ओळ घातली आहे, आणि पुण्याच्या दादांनी सांगितलेला मजकूर ठरावाच्या मसुद्यात उतरवला आहे. बीडच्या ताई, त्या पाठकोऱ्या कागदाची प्रत किंवा फोटो तुमच्याकडे असेल तर मला हवाय. विश्वस्तांसमोर तोच ठेवते.