सेवेसाठी कॉलेजचं एक वर्ष सोडावं का?

नगरची_आई
मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाला, "आई, शेवटचं वर्ष एक वर्ष पुढे ढकलतो. गडचिरोलीतल्या भामरागडला जाऊन आश्रमशाळेत शिकवतो." माझं मत सरळ आहे : आधी पदवी हातात घे, मग कुठंही जा. ह्यांचं म्हणणं, वायडी (इयर डाउन) लागलेली, म्हणजे नापास होऊन मागे पडलेली पोरंही वर्ष घालवतातच, हा निदान कामाला लावतोय. वायडीशी तुलना करून कौतुक? मला नाही पटलं.

हिशेबनीस
ताई, तुमचंच बरोबर. मुलाखतीत गॅपचं कारण खोदून खोदून विचारतात. शिष्यवृत्ती असेल तर महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर नवी कटकट. आणि कर्ज काढलं असेल तर व्याज काही सेवेला जात नाही!

सोमनाथवाला
मी उलट बाजूचा. 98 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेलो होतो. बाबा आमट्यांनी 1967 मध्ये सुरू केलेली, मे महिन्यात आठवडाभर असते. भल्या पहाटे कुदळ-फावडं, हाताला फोड, रात्री गाणी. घरी आलो तेव्हा जग बदलणार होतो. गणपतीपर्यंत सगळं विसरलो. म्हणून म्हणतो, आठवड्यानं काही होत नाही. वर्षच लागतं. अन् पदवीचं काय घेऊन बसलात? प्रकाश आमटे सर्जरीचं पुढचं शिक्षण अर्धवट टाकूनच हेमलकसाला गेले ना?

हिशेबनीस
गेले ते वर्षासाठी नव्हे, कायमचे. त्याला गॅप म्हणत नाहीत हो.

नगरची_आई
आणि डॉ. अभय आणि राणी बंग हे पतिपत्नी? दोघं आधी एमडी झाले, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि नंतर 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही आरोग्यसंस्था उभी केली. शिकून गेले म्हणून कामाला आले.

भामरागडचा
मी त्याच भागातला. आता नागपुरात नोकरी करतो. आमच्या आश्रमशाळेत एका वर्षी असेच एक सर आले होते. आम्हाला फक्त आमची माडिया बोली यायची, त्यांना मराठी आणि इंग्रजी. दिवाळीपर्यंत खाणाखुणाच चालल्या. खोटं कशाला बोलू, आवडायचे आम्हाला. एप्रिलमध्ये गेले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आम्ही पोट्टे रस्त्याकडे बघत बसलो होतो.

ताई, सर्चचं नाव काढलंत म्हणून सांगतो. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ते शहरातली पोरं आणून झालं नाही. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचा श्वास मोजायचा, न्यूमोनिया ओळखायचा, इंजेक्शनसुद्धा द्यायचं. त्या बायका वर्ष संपलं म्हणून कुठं जाणार होत्या?

सोमनाथवाला
मान्य. पण त्यांना शिकवणारे बाहेरचेच होते की.

भामरागडचा
राणीताई चंद्रपूरच्या. म्हणजे शेजारच्याच. आणि राहिले ना ते! मी बाहेरच्यांच्या विरोधात नाही, मुक्काम मोजतोय.

उगाच_शंका
वर्ष न मोडता जाता येत नाही का? सर्चचंच 'निर्माण' आहे, 2006 पासून. तरुणांची शिबिरं घेतात. आधी स्वतःला तपासा, मग ठरवा. कॉलेजातल्या एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजना) 240 तास सही मारून भरणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) सेवेवर बोलू नये हेही खरं.

नगरची_आई
भामरागडच्या दादांचं लिहिलेलं काल मुलाला वाचून दाखवलं. विचारलं, माडियातले दहा शब्द सांग. गप्प बसला. मला वाटलं, सुटलो. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज : "आई, त्या दादांशी बोलता येईल का?"

भामरागडचा
बोलून काय होणार ताई. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या (विडीच्या पानांच्या) हंगामाला मी घरी असतो. तेव्हा पाठवा. पहाटे आमच्या आईबरोबर जंगलात जाऊ दे, घरी येऊन पुडे बांधू दे. आईला मराठी येत नाही. महिनाभर टिकला तर वर्षाचं बघू.