बाबा निवृत्त झाले, ३१ मार्च तोंडावर आलाय. काय घ्यायचं आणि काय मोडायचं?

नमस्कार मंडळी,

बाबा २८ फेब्रुवारी २०२६ ला चिंचवडच्या एका खासगी कंपनीतून निवृत्त झाले. साठही त्याच महिन्यात पूर्ण झाली (दाखल्यावरची तारीख, आजी वेगळीच सांगायची). आजवर घरचे आकडे तेच बघायचे. आता म्हणतात, "तूच विचार कुणाला तरी." म्हणून हा धागा.

ग्रॅच्युइटी १०.४ लाख आणि रजेचे ४.६ लाख खात्यात आलेत. पीएफचे साधारण ३४ लाख यायचे आहेत. यंदाचा ११ महिन्यांचा पगार ९ लाखांच्या आसपास, एफडीचं व्याज ९० हजार. इक्विटी म्युच्युअल फंडात ११ लाख आहेत, त्यातला नफा ५ लाख. सगळी युनिट्स वर्षापेक्षा जुनी आहेत. पीपीएफ २०१०-११ मध्ये उघडलेलं, या ३१ मार्चला मुदत संपतेय. आई ५७ वर्षांची, गृहिणी.

बँकेतले साहेब रोज फोन करतात. म्हणे ३१ मार्चच्या आत एक गॅरंटीड प्लॅन घ्या, वर्षाला ५ लाख हप्ता, पाच वर्षं, "टॅक्स वाचेल". बाबांना आता बाजाराची धाकधूक नको, त्यामुळे फंड याच महिन्यात पूर्ण मोडून मोकळं व्हायचं म्हणतात. माझा खरा प्रश्न हा, की यातलं मार्चमध्येच करायला हवं असं काय आहे? आणि ग्रॅच्युइटी-रजेच्या पैशांवर कर लागेल का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

हिशेबनीस:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत, रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत करमुक्त. दोन्हींना आत आणखी सूत्रं आहेत (रजेला दहा महिन्यांच्या सरासरी बेसिक-डीएची मर्यादा वगैरे), पण तुमचे आकडे बसतील असं दिसतंय. नव्या करप्रणालीतही ही सूट मिळते. पीएफही करमुक्त, फक्त निवृत्तीनंतर तो तिथेच ठेवला तर त्यापुढचं व्याज करपात्र.

आता पगार अधिक व्याज, वजा ७५ हजारांची प्रमाणित वजावट, म्हणजे साधारण ९.२ लाख. नव्या प्रणालीत १२ लाखांच्या आत असल्याने ८७ए कलमाची करसवलत मिळून कर शून्य. शून्यातून साहेब काय वाचवणार? ८०सी (विम्याचे हप्ते, पीपीएफ वगैरेंची वजावट) जुन्या प्रणालीत चालतं, आणि जुनीत गेलात तर ८०सीचे पूर्ण दीड लाख आणि ज्येष्ठांची व्याजाची ५० हजारांची वजावट धरूनही ६० हजारांच्या आसपास भराल. पेन्शनच्या वयात पाच वर्षं ५-५ लाखांचा हप्ता गळ्यात बांधून घेऊ नका. फोन ब्लॉक करा.

पण फंड पूर्ण मोडू नका, निदान मार्चमध्ये तरी. इक्विटीच्या दीर्घकालीन नफ्यावर दर आर्थिक वर्षाचे पहिले १.२५ लाख सोडून १२.५ टक्के कर, म्हणजे ३.७५ लाखांवर ४६,८७५. हे सगळे सांगतात. पुढचं सहसा कुणी सांगत नाही: १२ लाखांची मर्यादा मोजताना हा नफाही उत्पन्नात धरतात. ९.२ अधिक ५ म्हणजे १४.२ लाख. सवलत गेली, मग पगार-व्याजावरचे ३२ हजारही भरा. सेस (करावरचा उपकर) धरून ८२ हजार होतात.

त्याऐवजी मार्चमध्ये १.२५ लाख नफा येईल इतकंच विका, एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष लागलं की पुन्हा तितकंच. दोन्ही वेळा कर नाही. उरलेलं पुढच्या दोन वर्षांत तसंच. यंदा ३१ मार्चला महावीर जयंतीची सुट्टी आहे, तेव्हा काठावर ठेवू नका. आणि आधी जुनी युनिट्स विकली जातात, त्यात नफ्याचं प्रमाण जास्त असतं. स्टेटमेंट बघूनच किती युनिट्स ते ठरवा.

सदाशिव_पेठी:

+१. फक्त एक भर. ज्येष्ठ नागरिक बचत योजना मात्र मार्चमध्ये उघडावी. कर नव्हे, व्याजदर हे कारण. आत्ता ८.२ टक्के आहे आणि उघडताना असतो तोच दर पाच वर्षं राहतो. तिमाही बदलली की सरकार दर बदलू शकतं. हातातले १५ लाख आत्ता घाला, पीएफ आल्यावर दुसरं खातं काढून आणखी १५. एकूण मर्यादा ३० लाख. वर्षाला २ लाख ४६ हजार, दर तिमाहीला ६१,५०० हातात. बाबांना पगाराची सवय आहे, त्यांना हे आवडेल. आईंचं स्वतंत्र खातं आत्ता नाही होणार, जोडखातेदार म्हणून नाव घाला.

ज्येष्ठांच्या व्याजावर १ लाखानंतर टीडीएस कापतात. तो कापू नये म्हणून "मला कर लागत नाही" असा जाहीरनामा, आपण ज्याला १५एच म्हणतो तो, एप्रिलमध्येच देऊन टाका.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार! १२ लाखांचं गणित बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा स्वतः कागदावर मांडलं, मग "बरोबर आहे" म्हणाले. आमच्याकडे हे मोठं प्रमाणपत्र. फंड थोडा-थोडाच मोडायचा ठरलंय.

पीपीएफचं राहिलं. मुदत वाढवून दीड लाख भरावे म्हणतोय. एप्रिलचंही व्याज मिळायला ५ एप्रिलच्या आत ना?

हिशेबनीस:

हो, पण यंदा ५ तारीख रविवारी आहे. १ ला बँकांचं वार्षिक क्लोजिंग, ३ ला गुड फ्रायडे. म्हणजे २ किंवा ४. पैसे भरण्याआधी मुदतवाढीचा अर्ज द्या आणि पोच घ्या, अर्जाशिवाय भरलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही.