छोटी जुनी की मोठी नवी? तुमच्या गाड्यांचे अनुभव लिहा

दारात सध्या दोन गाड्या आहेत. बाबांची 2006 ची मारुती 800 आणि दसऱ्याला घेतलेली स्कॉर्पिओ-एन. पहिलीची रुंदी 1440 मिलिमीटर, दुसरीची 1917. म्हणजे साधारण दीड फुटाचा फरक. शनिवारी संध्याकाळी दादरच्या रानडे रोडला या दीड फुटाची किंमत कळते. 800 विकायची का, यावरून घरात वाद चालू आहे. ‘आमची बेस्ट’ एवढंच नको. कुठे अडलात, कुठे सुटलात ते लिहा.

गिरगाव
जुनी गाडी मी एका हाताने वाडीत घालायचो. नवीची पूजा रस्त्यावरच झाली, कारण ती आत वळेचना. आरसे मिटले, दोन पोरं ‘येऊ दे, येऊ दे’ करत पुढेमागे, तरी नाही. आता ती दहा मिनिटांवरच्या पे-अँड-पार्कमध्ये असते. जोराचा पाऊस असला की टॅक्सी करून गाडीपर्यंत जातो. हसू नका.

बोरिवली
मला उंच बसायला आवडतं. घोडबंदरला ट्रकच्या चाकांना डोळे भिडवत जाणं नको व्हायचं. फक्त बॉनेटच्या अगदी पुढचं दिसत नाही. सोसायटीत मुलं खेळत असतात, म्हणून कॅमेरा असला तरी मी एकदा उतरून बघते.

शीव
हिंदमाताला पाणी भरलं होतं. आपली गाडी उंच, म्हणून घातली. शेजारून बस गेली, लाट बॉनेटवर आली, इंजिन बंद. इथवर ठीक होतं. मी पुन्हा स्टार्टर मारला, तिथे माती खाल्ली. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. मेकॅनिक म्हणाला, ‘साहेब, ढकलून बाजूला घेतली असती तर बहुतेक थोडक्यात निभावलं असतं.’ विम्यात इंजिन प्रोटेक्शन घेतलेलं नव्हतं, त्यामुळे खर्च खिशातून. जुनी छोटी गाडी असती तर पाणी बघून परळलाच थांबलो असतो. उंचीने डोकं फिरवलं, दुसरं काय!

भांडुप
गणपतीला गावी जाताना मोठीच हवी. पूर्वी चार जण, मांडीवर मखराचे खांब, चढ आला की एसी बंद. आता सहा जण, सामान वर कॅरिअरला, आजी माणगावपर्यंत झोपलेली. या एका आठवड्यासाठी वर्षभर हप्ता भरतोय म्हणा. एरवी ती झाकून उभी, मी लोकलमध्ये.

पुन्हा मी, दादर
शीवच्या दादा, तुमचं वाचून पॉलिसी काढून बघितली. इंजिन प्रोटेक्शन आमच्यातही नाही. 800 चं पासिंग संपत आलंय. पुढच्या 5 वर्षांसाठी परत करायचं, वर पर्यावरण कर. विकायचं ठरतच होतं, तर बाबा काल कुणाला न विचारता चारही टायर नवे घालून आले.