मदत हवी आहे: ‘माहीत असणे’साठी स्लोव्हेनियनमध्ये नक्की कोणतं क्रियापद?

मी स्लोव्हेनियन शिकतेय, पातळी ए१, म्हणजे अगदी सुरुवातीची. फ्लॅशकार्डं इंग्रजीवरून बनवतेय आणि अनेकार्थी शब्दांवर अडलेय. नामांचं निभावलं. ‘स्प्रिंग’ची तीन कार्डं केली: पोमलाद म्हणजे वसंत, व्झमेत म्हणजे घड्याळातली स्प्रिंग, इझ्वीर म्हणजे झरा. खरी अडचण आहे ती जाणणे या अर्थाच्या इंग्रजी ‘नो’ची. त्याला वेदेती, झ्नाती आणि पोझ्नाती असे तीन शब्द आहेत.

मराठीतून पाहिलं की बरंच सुटतं. ‘मला माहीत नाही’ म्हणजे ने वेम, ‘मला पोहता येतं’ म्हणजे झ्नाम प्लावाती, ‘मी त्याला ओळखते’ म्हणजे पोझ्नाम गा. (वेदेती आणि आपला ‘वेद’ एकाच मुळाचे, म्हणून तो चटकन लक्षात राहिला.) गाण्याचंही कळलं: ऐकलेलं असेल तर पोझ्नाम, पाठ असेल तर झ्नाम.

घोळ होतो तो ‘रस्ता’ आणि ‘उत्तर’ यांच्यापाशी. भाषांतराचं ॲप दर वेळी वेगळं क्रियापद देतं, कारण सांगत नाही. फ्रान या स्लोव्हेनियन शब्दकोशांच्या पोर्टलवरचे कोश उत्तम आहेत, पण स्पष्टीकरणं स्लोव्हेनियनमध्येच, तेवढं मला अजून वाचता येत नाही. व्याकरणाचं पुस्तक सुचवू नका, दोन आहेत. मला रोजच्या बोलण्यातलं हवंय.

स्लोव्हेनियात राहणाऱ्यांनी सांगावं: ‘मला रस्ता माहीत आहे’ आणि ‘मला उत्तर माहीत आहे’ यांत राजधानी ल्युब्लियानातले लोक तिन्हींपैकी कोणतं क्रियापद वापरतात, आणि दोन चालत असतील तर अर्थ कसा बदलतो?