हार्ड डिस्क पिवळी दाखवतेय : सी फॉरमॅट मारून विंडोज टाकलं तर डीवरचा डेटा राहील का?

जेकार्ड_अक्कलकोटरोड

कारखान्यातला डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय५, विंडोज १०, १ टीबीची एकच हार्ड डिस्क. सी १५० जीबी, बाकी सगळं डी. सुरू व्हायला पाव तास लागतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम १०० टक्के, आणि डीमधलं एखादं फोल्डर उघडलं की विंडो पांढरी पडून तशीच राहते. टक-टक आवाज मात्र नाही.

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळं ‘कॉशन’ आहे. ०५ समोर शून्य, सी५ समोर १४८, सी६ समोर १४८, सी७ समोर शून्य.

डीवर चादर आणि टॉवेलची डिझाइनं आहेत, सगळी बीएमपी. शिवाय टॅलीचा डेटा आणि श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) केलेली लेबलं. दुरुस्तीवाला म्हणतो, सी फॉरमॅट मारून विंडोज टाकतो, डीला हातसुद्धा लागत नाही. टाकू द्यावं का? की आधी विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवून बघू?

सेक्टर_शून्य

दोन्ही नका करू. आधी मशीन बंद करा, मग पुढचं वाचा.

सी आणि डी या एकाच डिस्कवर आखलेल्या दोन हद्दी आहेत. वावराची वाटणी केली म्हणून विहिरी दोन होत नाहीत. वाचणारं-लिहिणारं हेड तेच, मोटर तीच. सीवर विंडोज टाकायचं म्हणजे मरायला टेकलेल्या डिस्कवर वीसेक जीबी नव्यानं लिहायचं, आणि त्या धक्क्यात डीपण जाऊ शकतो. शिवाय डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही सीवरच असतात, हे फॉरमॅटनंतरच आठवतं.

तुमचे आकडे बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ किंमत हेक्समध्ये (सोळाच्या पटीतले आकडे) दाखवतं, त्यामुळे ते १४८ म्हणजे आपले ३२८. इतके सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) डिस्कला वाचता येत नाहीयेत आणि ते ‘पेंडिंग’ आहेत. ०५ (बदलून दिलेले सेक्टर) शून्य आहे म्हणून खूश होऊ नका. खराब सेक्टरच्या जागी राखीव सेक्टर सहसा त्यावर नव्यानं लिहायला गेल्यावरच दिला जातो, नुसतं वाचताना नाही. सी७ (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) शून्य आहे, म्हणजे केबलवर संशय घेण्याचं कारण नाही. दोष डिस्कच्या आतच.

चेकडिस्क ‘आर’ लावून चालवलं की ते अख्खी डिस्क वाचत सुटतं आणि फाइल सिस्टिममध्ये दुरुस्त्या लिहितं. ज्या नोंदी वाचता आल्या नाहीत त्या सरळ कापून टाकतं. निरोगी डिस्कसाठी ते ठीक. इथे आधी नक्कल, दुरुस्ती नंतर, आणि तीही नकलेवर.

लागणारं सामान: नवी हार्ड डिस्क, विंडोजसाठी वेगळी ५०० जीबीची साटा एसएसडी, एक जादा साटा केबल, दोन पेनड्राइव्ह. नकलेची डिस्क मूळ डिस्कपेक्षा एका सेक्टरनंही लहान चालत नाही. बहुतेक १ टीबी डिस्कवर १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात, पण २ टीबीची घेतली की प्रश्नच मिटतो. जुनी डिस्क यूएसबी डबीत घालू नका. खराब सेक्टर आला की त्यातल्या बऱ्याच डब्या स्वतःच रीसेट होतात आणि काम तिथेच अडकतं. दोन्ही डिस्क थेट मदरबोर्डला लावा.

एका पेनड्राइव्हवर रूफसनं (बूट पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर) सिस्टमरेस्क्यू (डेटा वाचवायची लिनक्स) टाका आणि त्यावरून मशीन सुरू करा. उबुंटूही चालतं, पण त्यात डिस्क चुकून माउंट होऊ शकते (म्हणजे फाइली वाचायला उघडली जाते) आणि नक्कल करणारं डीडीरेस्क्यू वेगळं टाकावं लागतं. पहिली कमांड ‘एलएसबीएलके’, ती जोडलेल्या डिस्कची यादी देते. तिला मॉडेल आणि सिरियल नंबर दाखवायला सांगा आणि डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून बघा. सगळ्यात महाग चूक इथे होते. मूळ आणि नवी यांची अदलाबदल झाली की कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि मग कुठलीच लॅब काही करू शकत नाही.

समजा त्या यादीत जुनी एसडीए आणि नवी एसडीबी आहे. दुसरा पेनड्राइव्ह एमएनटीवर माउंट करा आणि पहिला फेरा असा. उच्चार लिहितोय, टाइप इंग्रजीतच करा:

डीडीरेस्क्यू -एफ -एन /डेव्ह/एसडीए /डेव्ह/एसडीबी /एमएनटी/मॅप

‘एन’मुळे अडलेल्या जागा खरवडत न बसता ते आधी सोपा भाग उचलतं. ‘मॅप’ ही नोंदवही: कुठवर वाचलं, काय राहिलं. ती पेनड्राइव्हवरच हवी. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लाइव्ह सिस्टिमच्या फाइली रॅममध्ये असतात, लाइट गेली की नोंदवही गेली. पेनड्राइव्हवर असेल तर तीच कमांड पुन्हा द्या, काम राहिलं तिथून सुरू होतं.

निरोगी १ टीबीला सेकंदाला १०० एमबीनं तीनेक तास लागतात. तुमच्याकडे दिवस-रात्र लागली तरी घाबरू नका. पहिला फेरा संपला की ‘एन’ काढून ‘-डी -आर३’ लावा. मग ते राहिलेल्या जागा तीनदा थेट वाचून बघतं. मध्येच टक-टक सुरू झाली तर मात्र ताबडतोब पॉवर बंद. तो हेडचा आजार, सॉफ्टवेअरचा नाही. तशी डिस्क क्लीन रूम असलेल्या पुण्या-मुंबईच्या लॅबकडेच द्या. दुकानात झाकण उघडू देऊ नका, फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका, आत दव धरतं.

नवीपेठ_हार्डवेअर

वरचं बरोबर. एक भर: सोलापूरच्या उन्हाळ्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते आणि साध्या डिस्कची मर्यादा साधारण ६० अंश. कॅबिनेटची बाजू काढून टेबलफॅन सरळ डिस्कवर सोडा. मशीन यूपीएसवर ठेवा आणि लाइट गेली तर बॅटरी संपायची वाट न बघता कंट्रोल-सी दाबून डीडीरेस्क्यू थांबवा.

एका बाबतीत मी वेगळं करेन. टॅलीचं फोल्डर छोटं असतं. नकलेआधी डी फक्त वाचनापुरता माउंट करून तेवढं पेनड्राइव्हवर घ्यावं.

सेक्टर_शून्य

मी नाही करणार. माउंट करताना फाइलींची मुख्य यादीच वाचली जाते, आणि नेमक्या तिथे खराब सेक्टर असला तर डिस्क त्याच जागी घुटमळत राहते. फोल्डर उघडताना विंडो पांढरी पडते म्हणाले आहेत, त्यामुळे मला तोच संशय आहे. डीडीरेस्क्यू अशी जागा ओलांडून पुढे जातं.

नवीपेठ_हार्डवेअर

त्या लक्षणावरून मान्य. मग आता विंडोजचं सांगतो.

नक्कल झाली की दोन्ही हार्ड डिस्क काढा, फक्त एसएसडी जोडा. दुसरी डिस्क जोडलेली राहिली तर विंडोज कधी कधी बूटचं पार्टिशन तिच्यावर टाकतं, आणि ती काढली की मशीन सुरूच होत नाही. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय ठेवा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मीडिया क्रिएशन टूलनं विंडोज घ्या. की विचारली की ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ निवडा आणि होम की प्रो ते पूर्वीचंच ठेवा. आधीचं विंडोज अस्सल असेल तर त्याचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, इंटरनेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. लॅनचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर तो उतरवायलाच नेट नाही अशी गत होते.

चौथ्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जीएसटी आणि बँक याच मशीनवर असेल तर नव्या मशीनचा विचार करा.

जेकार्ड_अक्कलकोटरोड

डिस्क आणि एसएसडी आणतो. नक्कल झाल्यावर डीवरचं सगळं तसंच मिळेल ना? टॅली आणि श्रीलिपीचं काय?

डीटीपी_आणि_टॅली

तसंच दिसेल, पण उघडून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. जे सेक्टर वाचले गेले नाहीत तिथे कोऱ्या डिस्कवर शून्य राहतात. फाइलचं नाव आणि आकार बरोबर असतो, आत भोक. बीएमपीमध्ये ते बरं असतं: कॉम्प्रेशन नसल्यामुळे चित्रात एखादा एकाच रंगाचा, बहुतेकदा काळा, पट्टा येतो, बाकी डिझाइन शाबूत. फाइलच्या सुरुवातीलाच भोक असेल तर मात्र उघडणार नाही. डी दिसलाच नाही तर नकलेवर टेस्टडिस्क (हरवलेलं पार्टिशन शोधणारं) चालवा. फोटोरेक (फाइली उकरून काढणारं) अगदी शेवटी, कारण ते फाइलींची मूळ नावं देत नाही आणि शेकडो बिननावाच्या डिझाइनांतून गिऱ्हाइकाची ऑर्डर शोधायची म्हणजे नवीन काढलेली परवडली.

टॅलीची कंपनी म्हणजे आकड्यांच्या नावाचं एक फोल्डर. ते पूर्ण घ्या, आतल्या सुट्या फाइली नकोत. नव्या विंडोजवर आधीचंच रिलीज टाका. वरचं रिलीज डेटा बदलून घेतं आणि मग जुन्यात तो उघडत नाही. एरर आली तर फोल्डरची आणखी एक प्रत काढून तिच्यावर ‘रिपेअर’ चालवा. लायसन्स सरेंडर करायला म्हणून जुनी डिस्क पुन्हा सुरू करू नका, नोंदलेल्या ईमेलवरून रीसेट करता येतं.

श्रीलिपीच्या फाइली युनिकोड नाहीत. फॉन्ट नसला की लेबलावर गिचमिड दिसते, ती फाइल खराब झाली असं समजून पुसू नका. नकलेच्या सीवर विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरातून नेमके तेच फॉन्ट उचलून नव्यात टाका. टायपिंगला मात्र मूळ सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल लागेल. डिजिटल सहीची काळजी नको, ती यूएसबी टोकनमध्ये असते, फक्त त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाका.

सगळं तपासून होईपर्यंत जुनी डिस्क ‘खराब, लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवा. दुरुस्तीवाल्याला एक्स्चेंजमध्ये देऊ नका.