मदत हवी आहे: रसायनशास्त्राच्या कोर्सचे क्रमांक बदलले, माझे झालेले कोर्स आता कुठे बसतात?

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

मी बी.एस्सी. रसायनशास्त्र करतेय, चार वर्षांची पदवी. पहिली तीन सेमिस्टर नीट पार पडली. मग घरातल्या आजारपणामुळे दोन वर्षांचा खंड पडला. आता चौथ्या सेमिस्टरला परत येतेय. नोंदणीचं पान उघडलं तर ओळखीचा एकही कोर्स दिसेना. मधल्या काळात विभागाने सगळे क्रमांक बदललेत. नुसते क्रमांक बदलले असते तर निभावलं असतं, पण काही कोर्स फोडलेत आणि काहींचा क्रमच उलटा केलाय.

माझे झालेले कोर्स असे: १०१ आणि १०२, म्हणजे सामान्य रसायनशास्त्राचे दोन भाग. २०१, सेंद्रिय १. आणि २५१, वैश्लेषिक रसायनशास्त्र. तेव्हा थिअरी आणि प्रॅक्टिकल एकाच क्रमांकाखाली असायचं. १०१, १०२ आणि २०१ प्रत्येकी ५ क्रेडिटचे होते.

आता १०१ चं झालंय १११, त्यात फक्त ३ क्रेडिटची थिअरी. प्रॅक्टिकल वेगळं, ११३, १ क्रेडिट. १०२ चंही तसंच. सेंद्रिय १ आता २२१ आहे, पण त्याला स्वतःचं प्रॅक्टिकलच नाही. दोन्ही सेंद्रिय कोर्स झाले की मग २२५ नावाची एकच मोठी प्रयोगशाळा, २ क्रेडिटची. वैश्लेषिक आता २४१ झालंय.

सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. जुना २५१ हा क्रमांक आता असेंद्रिय १ ला दिलाय! त्यामुळे नोंदणीची प्रणाली समजते की माझं असेंद्रिय १ झालेलं आहे, जे मी कधी शिकलेच नाही. ती मला थेट असेंद्रिय २ घेऊ देतेय. आणि जे खरोखर शिकले, ज्या ब्युरेटसमोर अख्खं सेमिस्टर उभी राहिले, ते वैश्लेषिक तिच्या लेखी झालेलंच नाही. त्यामुळे उपकरणीय विश्लेषणाचा कोर्स माझ्यासाठी बंद आहे.

भौतिक रसायनशास्त्रात आधी थर्मोडायनॅमिक्स (३०१) आणि मग क्वांटम (३०२) असं होतं. आता ३३१ क्वांटम आधी आणि ३३२ थर्मोडायनॅमिक्स नंतर. ३३१ फक्त विषम सेमिस्टरला मिळतो, ३३२ फक्त सम सेमिस्टरला.

मला कळत नाहीये ते असं. २५१ चं काय करू? प्रणाली घेऊ देतेय म्हणून असेंद्रिय २ घेऊन टाकू का? सेंद्रियचं अर्धं प्रॅक्टिकल झालंय, तर २२५ पूर्ण करावं लागेल का? ५ क्रेडिटच्या जागी ४ झाले, मग माझं जादाचं क्रेडिट बुडालं का? आणि या सेमिस्टरला नेमकं काय घेऊ, म्हणजे आणखी एक वर्ष जाणार नाही? आधीच दोन वर्षं गेलीत, आता एकही सेमिस्टर वाया घालवायची माझी तयारी नाही.

– निळा लिटमस

जुनी प्रयोगवही:

मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय आणि अभ्यासक्रम बदलाच्या कामातही होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी २५१. असेंद्रिय २ अजिबात घेऊ नका. त्या वर्गात पहिल्या आठवड्यापासून स्फटिक क्षेत्र सिद्धांत, लिगंडमुळे होणारं डी-कक्षकांचं विभाजन आणि सममिती गट येतील. असेंद्रिय १ चा पाया नसताना ते झेपणं अवघड आहे. शिवाय पदवीच्या वेळी कोणी गुणपत्रक हाताने तपासलं, तर असेंद्रिय १ झालेलं नाही हे तेव्हा उघडं पडेल. प्रणाली फक्त आकडा बघते, कोर्सचं नाव आणि वर्ष बघत नाही.

विभागाकडून समकक्षता तक्ता मागा, म्हणजे जुना कोणता कोर्स नव्या कोणत्या कोर्सच्या बरोबरीचा धरायचा त्याची यादी. क्रमांक बदलताना तो बहुधा तयार केलेला असतोच. मग लेखी अर्ज द्या: अमुक सत्रात २५१ या क्रमांकाने जो कोर्स उत्तीर्ण केला तो वैश्लेषिक होता, तो आजच्या २४१ ला समकक्ष धरावा आणि आजचा २५१ न झालेला दाखवावा. हे दोन्ही भाग एकाच अर्जात हवेत. नुसती पहिली दुरुस्ती झाली तर दुसरी चूक तशीच राहते. सोबत तुम्ही उत्तीर्ण झालात त्या वर्षीचा सिलॅबस जोडा, आजचा नव्हे. आणि पोच घ्या.

क्रेडिटचं म्हणाल तर मिळवलेली क्रेडिट गुणपत्रकावर असतात तशीच राहायला हवीत. समकक्षता ही विषयाची असते, नवा क्रमांक लागला म्हणून जुन्या ५ चे ४ होऊ नयेत. पण जादाचं क्रेडिट विभागाच्या आवश्यक कोर्समध्ये धरतात की ऐच्छिकमध्ये, यावर पुढची बेरीज अवलंबून आहे. हेही लेखी विचारा.

आणखी एक. पुष्कळ विद्यापीठांत प्रवेशाच्या वर्षीच्या नियमांनुसार पदवी पूर्ण करण्याची मुभा असते, पण खंड ठरावीक मुदतीपेक्षा मोठा झाला तर नवे नियम लागू होतात. दोन वर्षं त्या मुदतीत बसतात का, हे सगळ्यात आधी तपासा. जुने नियम लागू असतील तर तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

आता मला एक सांगा. तुम्ही गणिताचा उल्लेखच केला नाहीत. ३३१ ची पूर्वअट काय लिहिली आहे?

निळा लिटमस:

सर, आत्ताच पुन्हा पाहिलं. "बहुचल कलन" लिहिलंय. म्हणजे एकाहून जास्त चलांचं कॅल्क्युलस. मी फक्त एकचल कलन केलंय, दोन भाग. जुन्या ३०१ ला तेवढं पुरत होतं, म्हणून लक्षातच आलं नाही. ३३१ पास असल्याशिवाय ३३२ घेता येत नाही आणि भौतिकची प्रयोगशाळा ३३५ ही ३३२ नंतर.

जुनी प्रयोगवही:

मग तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर रसायनशास्त्रात नाहीच. या सेमिस्टरला बहुचल कलन घ्या, बाकी सगळं त्याच्याभोवती बसवा.

साखळी पाहा. आता चौथ्या सेमिस्टरला गणित, पाचव्याला ३३१, सहाव्याला ३३२, सातव्याला ३३५. एक सेमिस्टर हाताशी उरतं. गणित पाचव्यावर ढकललंत तर ३३१ थेट सातव्याला मिळेल, ३३२ आठव्याला आणि ३३५ नवव्याला. म्हणजे पदवी लांबली, तीही रसायनशास्त्राचा एकही कोर्स न चुकता.

ही पूर्वअट उगाच घातलेली नाही. क्वांटमच्या कोर्समध्ये हायड्रोजन अणूसाठी श्रोडिंगरचं समीकरण सोडवताना तीन चल येतात, गोलीय निर्देशांकांत संकलन करावं लागतं. थर्मोडायनॅमिक्समध्ये तर पानोपानी आंशिक विकलन असतं: दाब स्थिर ठेवून तापमान बदललं तर काय, आकारमान स्थिर ठेवलं तर काय. ज्यांचं गणित कच्चं राहतं ते या कोर्सला रसायनशास्त्र समजून रडतात, आणि अडचण भलतीकडेच असते. मी हे वर्गात इतक्यांदा पाहिलंय की आज आधी गणित विचारलं.

क्रम उलटा का केला, हेही सांगतो. दोन्ही क्रम चालतात आणि दोन्हींचे समर्थक आहेत. आधी थर्मोडायनॅमिक्स घेतलं तर सामान्य रसायनशास्त्राचा धागा सलग राहतो. आधी क्वांटम घेतलं तर रेणूंच्या ऊर्जापातळ्या हाती असतात, आणि मग बोल्ट्झमन वितरणावरून एन्ट्रॉपीपर्यंत जाताना ती कुठून आली हे कळतं. मला स्वतःला दुसरा क्रम आवडतो.

अर्धा मोल:

तुझ्यासारखंच माझ्या बाबतीत झालं होतं म्हणून लिहितोय. माझा एक जुना क्रमांक नव्या कोर्सला दिला गेला होता. प्रणाली अडवत नव्हती, म्हणून मी गप्प बसलो. शेवटच्या सेमिस्टरला पदवीचा अर्ज केला आणि एक आवश्यक कोर्स राहिलाय असं कळलं. तो त्या सत्रात उपलब्धच नव्हता. मिळालेला पुढचा प्रवेश वर्षभर पुढे ढकलावा लागला. अजूनही आठवलं की जीव कळवळतो. तू चौथ्यातच विचारतेयस ते फार बरं केलंस. तोंडी "होऊन जाईल" यावर थांबू नकोस. मला दोघांनी तसं सांगितलं होतं, आणि पदवीच्या वेळी ते दोघेही त्या जागेवर नव्हते.

तीन ते तेरा:

२५१ चा किस्सा वाचून आवर्तसारणी आठवली. गटांच्या क्रमांकांचा असाच गोंधळ कित्येक वर्षं होता. रोमन तीन आणि पुढे ए किंवा बी. एका पद्धतीत "तीन-बी" म्हणजे स्कँडियमचा गट, दुसरीत तोच "तीन-बी" म्हणजे बोरॉनचा. आययूपॅकने, म्हणजे रसायनशास्त्राची नावं आणि संकेत ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, १ ते १८ असे साधे आकडे आणले, तेव्हा स्कँडियम ३ आणि बोरॉन १३ झाला. त्यातली चांगली गोष्ट ही की नवा क्रमांक जुन्यासारखा दिसतच नाही. १३ वाचून कोणी तीन-ए समजणार नाही.

तुमच्या विभागाने मधला अंक शाखेसाठी ठेवलेला दिसतो: १ सामान्य, २ सेंद्रिय, ३ भौतिक, ४ वैश्लेषिक, ५ असेंद्रिय. योजना चांगली आहे. पण जुने आकडे काही वर्षं तरी रिकामे ठेवायला हवे होते. हे विभागाला कळवा. तुमच्या तुकडीत वैश्लेषिक केलेले आणि खंड पडलेले आणखी कोणी असतील, त्यांना कदाचित अजून पत्ताच नसेल.

पांढरा ॲप्रन:

सेंद्रिय प्रॅक्टिकलबद्दल. तुझं सर्टिफाइड जर्नल जपून ठेवलंयस ना? तेच तुझा पुरावा. त्यात कोणती तंत्रं झाली ते एका कागदावर उतरव: पुनर्स्फटिकीकरण, वितळबिंदू, साधं आणि भागशः ऊर्ध्वपातन, निष्कर्षण, टीएलसी (पातळ थरावरचं वर्णलेखन), जे काही असेल ते. मग २२५ च्या सिलॅबसशी ताडून बघ. अशा एकत्रित प्रयोगशाळेत साधारणपणे दुसऱ्या भागात बहुपायरी संश्लेषण आणि आयआर-एनएमआर वर्णपट वाचून रेणूची रचना ठरवणं असतं.

माझं मत विचारशील तर २२५ पूर्ण कर. सूट मिळत असली तरी. दोन वर्षांनी विभाजक नरसाळं हातात घेतलं की वरचा थर कुठला आणि खालचा कुठला, इथेच हात अडतो, आणि दुसरा भाग पहिल्या भागाचं सगळं येतं असं धरून चालतो. फार तर जुन्या प्रॅक्टिकलचं क्रेडिट ऐच्छिक म्हणून धरायला सांग.

सेंद्रिय २ या सेमिस्टरला घेणार असशील तर त्याआधी पंधरा दिवस काढ. सगळं वाचत बसू नकोस. पीकेए, म्हणजे आम्ल किती तीव्र ते सांगणारे आकडे (आकडा लहान तितकं आम्ल तीव्र), पाठ कर: कार्बोक्झिलिक आम्ल ५ च्या आसपास, फिनॉल १०, अल्कोहोल १६, टोकाचा अल्काइन २५, अमोनिया ३८. एवढं हाताशी असलं की कोणता आम्लारी कुठला प्रोटॉन काढेल ते आपसूक कळतं आणि कार्बोनिलचं प्रकरण निम्मं सोपं होतं. मग वक्र बाण (इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे), रेणूची त्रिमितीय मांडणी आर की एस ते ठरवणं, आणि एसएन१, एसएन२ (प्रतिस्थापन), ई१, ई२ (विलोपन) या अभिक्रियांतली निवड.

जुनी प्रयोगवही:

पांढरा ॲप्रन यांच्याशी सहमत. त्यात एक भर: पुढे थर्मोडायनॅमिक्स शिकताना कोणाच्या जुन्या वह्या वापरणार असाल तर कार्याचं चिन्ह तपासा. काही पुस्तकांत प्रणालीने केलेलं कार्य धन धरतात, म्हणून आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता उणे कार्य. आययूपॅकच्या संकेतात प्रणालीवर केलेलं कार्य धन, म्हणून उष्णता अधिक कार्य. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच गणितात मिसळले की उत्तर चुकणारच. तसंच प्रमाण दाब. आययूपॅकने १९८२ मध्ये १ ॲटमॉस्फिअरऐवजी १ बार केला. त्यामुळे शून्य अंश सेल्सिअसला आदर्श वायूच्या एका मोलचं आकारमान कुठे २२.४ लिटर दिसेल, कुठे २२.७. घाबरू नका, दाब कोणता घेतलाय ते बघा.

निळा लिटमस:

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले चार दिवस धावपळ करत होते म्हणून उशिरा लिहितेय.

खंडाची मुदत माझ्या बाबतीत ओलांडली गेलीय, त्यामुळे नवेच नियम लागू. समकक्षता तक्ता विभागात होता. त्यात जुना २५१ बरोबर २४१ समोर लिहिलेला आहे, फक्त नोंदणीच्या प्रणालीत तो भरलेलाच नव्हता. अर्ज दोन्ही भागांसह दिला, पोच घेतली. तिथल्या मॅडमनी माझ्यासमोर यादी काढली तेव्हा माझ्यासारखे आणखी सहा जण निघाले. त्यातल्या दोघांनी असेंद्रिय २ ची नोंदणी करून टाकली होती! त्यांना आजच कळवलंय.

या सेमिस्टरला बहुचल कलन, सेंद्रिय २ आणि दुरुस्ती झाली की उपकरणीय विश्लेषण. गणित सुटलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने काल झोप लागली नाही. सर, तुम्ही विचारलंत म्हणून लक्षात आलं.

२२५ पूर्ण करणार आहे. जर्नल सापडलं, ॲसिटॅनिलाइडच्या पानावर डाग पडलेत पण सही स्पष्ट आहे. जुन्या प्रॅक्टिकलच्या क्रेडिटचं गुरुवारी विभागप्रमुखांशी बोलायचंय. तिथे आणखी काय विचारून घेऊ ते कोणाला सुचलं तर बुधवारपर्यंत लिहा.