मदत हवी आहे: उभ्या गव्हात बलून उतरल्यास भरपाई आणि गर्दी कशी सांभाळावी? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरमधले आम्ही आठ मित्रमैत्रिणी ऑक्टोबरपासून बहुतेक रविवारी पहाटे गरम हवेच्या बलूनमागे धावत असतो. ‘धावत असतो’ हे शब्दशः घ्यावे, कारण वर जातात ते आमचा परवानाधारक पायलट मित्र आणि त्याच्यासोबत पाळीने दोघे. उरलेले सगळे जमिनीवरचा क्रू. कोणाला मोबदला मिळत नाही. परवानग्या, हवामान आणि विमानतळाच्या नियंत्रण कक्षाशी बोलणे ही कामे पायलट पाहतो आणि त्यांबाबत मला काही विचारायचे नाही. क्रूची जुळवाजुळव माझ्याकडे आहे, आणि माझी अडचण बलून जमिनीला टेकल्यानंतरच्या तासाभराची आहे.

विमानतळ शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला सिमरोलचा घाट, म्हणून आम्ही उत्तरेला सांवेरच्या बाजूने उडतो. सोयाबीन निघाल्यापासून गव्हाची पेरणी होईपर्यंत तिथे मोकळे रान भरपूर असते आणि ते तीन-चार आठवडे कसलीही चिंता नव्हती. आता चहूकडे गहू, हरभरा आणि बटाटा उभा आहे. थांबावे म्हटले, तर उड्डाणाला खरी अनुकूल हवा याच दिवसांत असते. आमचा बलून २,२०० घनमीटरचा आहे. आतली हवा १०० अंशांपर्यंत तापवली, तर बाहेर १२ अंश असताना तो इंदूरच्या उंचीवर सुमारे ६०० किलो उचलतो. हेच बाहेर २५ अंश झाले की ४९० किलोच्या आसपास येतो, आणि या आकड्यांत कापड, बास्केट, बर्नर, गॅसच्या टाक्या असे सगळेच आले. म्हणजे एप्रिलमध्ये रान मोकळे होते तेव्हा एक-दीड माणूस खाली ठेवावा लागतो, शिवाय ऊन चढताच हवा उसळू लागते.

गेल्या रविवारी व्हायचे ते झाले. निघताना वीटभट्टीचा धूर सरळ वर जात होता, पण दोनशे मीटरवर वारा निराळ्याच दिशेचा लागला. उतरण्याजोगे दोन पडीक तुकडे मिळाले होते. दोन्हींच्या पलीकडे ट्यूबवेलला जाणाऱ्या ११ केव्हीच्या तारा होत्या, म्हणून पायलटने ते सोडले आणि पुढे गुडघाभर उंचीच्या गव्हात बास्केट टेकवली. त्याचा निर्णय योग्यच होता, याबद्दल आमच्यात दुमत नाही. बास्केट कलंडलीसुद्धा नाही. बलूनने स्वतः केलेले नुकसान म्हणाल तर कापड पडले तेवढा एक पट्टा. पण दहा मिनिटांत दोन्ही बाजूंच्या वस्त्यांवरून साठ-सत्तर माणसे गव्हातून चालत आली, आणि आमच्याच एका उत्साही गृहस्थांनी मदतीच्या भरात पिकअप आत घातली. आदल्या दिवशी पाणी दिलेली काळी जमीन ती. गाडी अॅक्सलपर्यंत रुतली आणि काढायला ट्रॅक्टर आणावा लागला, त्याने आणखी दोन चाकोऱ्या पाडल्या.

शेतकरी एक शब्द बोलला नाही. त्याने वाकून एक आडवा झालेला बुंधा हाताने उभा केला, सोडला, तो पुन्हा आडवा झाला. मग दुसरा उभा करून पाहिला. आम्ही दोन हजार रुपये दिले. जमलेल्यांपैकी एक म्हणाला फार झाले, दुसरा म्हणाला काहीच नाही, आणि मला दोन्ही ऐकून सारखीच लाज वाटली, कारण आकडा मी खिशाकडे पाहून ठरवला होता, शेताकडे पाहून नव्हे.

१७८३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसहून सोडलेला हायड्रोजनचा पहिला निर्मनुष्य बलून गोनेस गावात पडला, तेव्हा भेदरलेल्या गावकऱ्यांनी हाती लागेल त्या अवजाराने तो फाडून टाकला होता. त्या मानाने सांवेरच्या लोकांनी आम्हाला चहा पाजला, हे मी विसरलेलो नाही. पण त्या चहावर किती रविवार काढायचे?

तर भरपाईचा हिशेब नेमका कसा करावा, बघ्यांना पिकात येण्यापासून कसे थांबवावे, आणि जमिनीवरच्या माणसांची कामे कशी वाटावीत, एवढे अनुभवी मंडळींनी सांगावे. दोन स्वयंसेवकांनी पुढच्या रविवारी येत नाही म्हणून कळवले आहे. कारण पहाटे साडेतीनला उठण्याचे दिले आहे, पण खरे कारण तो पिकअपचा प्रसंग असावा.

प्रतिसाद १ (बडोदे)

मी काही वर्षे वेगवेगळ्या ठिकाणी क्रूचे काम केले आहे. आपली मुख्य चूक गाडी आत घालण्याची नसून, गाडीच्या आधी माणूस न पाठवण्याची आहे. बलून खाली येऊ लागला की एकाने दुचाकीवर पुढे निघावे आणि बलूनकडे न जाता वस्तीकडून शेतात येणारी वाट गाठावी. लोकांना बलून पाहायचा असतो, गहू तुडवायचा नसतो. त्यांना बांधावर उभे राहण्याची जागा दाखवली आणि बलून इथेच आणतो आहोत असे सांगितले, तर बहुतेक जण थांबतात.

आणि तो खरोखरच बांधावर आणता येतो. वारा जवळजवळ नसेल आणि वाटेत एकही तार नसेल, तर पायलटने बर्नर थोडा थोडा देत बलून जेमतेम तरंगता ठेवायचा, चौघांनी बास्केटची कड धरायची आणि चालत चालत कडेला न्यायचा. यात तुडवली जाते ती बास्केटएवढी एक वाट. नियम दोनच आहेत आणि ते घरून पाठ करून यावेत: पाय जमिनीवरून सुटला की त्याच क्षणी हात सोडायचा, आणि पायलटने सांगेपर्यंत आतल्याने बाहेर पडायचे नाही. सत्तर किलोचा माणूस अचानक उतरला की बलून पुन्हा वर जातो, आणि लोंबकळलेला माणूस त्याच्याबरोबर जातो.

कापड बांधावर आले की जमलेल्या पोरांनाच रांगेत उभे करून ते पिशवीत भरायला लावा. ज्याला काम दिले तो शेतात हिंडत नाही. त्याआधी बिड्या मात्र विझवून घ्या, टाक्या जवळ असतात. आणि कापड चिखलात ओले झाले असेल तर घरी नेऊन त्याच दिवशी पसरून वाळवा, नाहीतर बुरशी धरेल.

प्रतिसाद २ (देवास)

बलूनमधले मला काही कळत नाही, पण देवासजवळ आमची शेती आहे, म्हणून भरपाईपुरते लिहितो. पावलांनी मोजा. समजा तीस मीटर गुणिले वीस मीटर जागा खराब झाली, तर ते एकराच्या जवळजवळ सातवा हिस्सा होते. एकरी सोळा क्विंटल धरले तर सव्वादोन क्विंटल, आणि २०२५-२६ च्या २,४२५ रुपये हमीभावाने साडेपाच हजारांच्या घरात रक्कम जाते, भूसा वेगळा. ही झाली पीक पूर्ण गेल्याची रक्कम. फुटवे फुटताना तुडवलेला गहू बराचसा उठतो, कांडी धरल्यावर कमी उठतो, आणि ओंबी आल्यावर मोडला तर गेला. आपला गुडघाभर होता, म्हणजे मधली अवस्था. चाकाखालची जमीन मात्र दबते आणि ते दुखणे पुढच्या पिकापर्यंत राहते, म्हणून वापसा आल्याशिवाय, म्हणजे मातीतली जादा ओल ओसरल्याशिवाय, गाडी कोणाच्याही शेतात घालू नये.

याहून महत्त्वाचा प्रश्न आपण विचारलेलाच नाही: पैसे दिले कोणाला? आमच्याकडे बरीच जमीन बटाईने दिलेली असते. सातबारा, म्हणजे इकडचा खसरा, ज्याच्या नावावर असतो तो पुष्कळदा शहरात राहतो, आणि बुंधे उभे करून पाहणारा माणूस निराळा असतो. दोघांना एकत्र बोलावून, गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्यासमोर रक्कम द्या आणि वहीत दोघांची सही घ्या.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद वाचून काल सुट्टी काढून पुन्हा तिथे गेलो. पावलांनी मोजले तर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांसह साधारण पाचशे चौरस मीटर भरले. तो गृहस्थ बटाईदारच निघाला, आणि आम्ही दिलेल्या दोन हजारांपैकी एक हजार त्याने मालकाला नेऊन दिले होते. हिशेब त्याच्यासमोरच मांडला, तेव्हा कापडाखालचा गहू उठेल, चाकाखालचा उठणार नाही, असे त्यानेच बोटाने दाखवून वेगळे केले. त्याप्रमाणे मालकाला फोनवर घेऊन आणखी अठराशे रुपये दिले. वही आजपासून सुरू केली आहे.

पिकअपवाल्या गृहस्थांनाच मी पुढच्या रविवारपासून दुचाकीवर बसवणार आहे. ते सांवेरकडचे आहेत, माळवी उत्तम बोलतात, आणि लोकांना थांबवण्याचे काम माझ्यापेक्षा त्यांना अधिक जमेल. बडोदेकरांना एकच विचारायचे आहे: बलून चालवत नेताना बास्केटला धरणारे चौघे मी म्हणतो तसे दोन बाजूंना दोन-दोन असावेत, की सगळे वाऱ्याच्या बाजूला? आमचा पायलट म्हणतो दोन-दोन, पण उड्डाणाआधी एकदा मैदानावर दोर बांधून सराव करायचा आमचा विचार आहे, म्हणून आपला अनुभव कळला तर बरे होईल.